दिवाळीची गृहशोभा : ‘अलम्’ म्हणजे पुरे

कोजागरीचे दूध आटोपले आणि पैनगंगेच्या काठच्या आमच्या मेहकर गावात गल्लोगल्ली खराट्यांचा आवाज सुरू झाला. माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी अंगणात येऊन पडली, गोधड्यांना ऊन मिळाले, वर्षभर आढ्याला धरलेली जळमटे खाली उतरली. दीपावली दारात आली, की गृहिणीच्या मनात पहिला विचार येतो तो फराळाचा आणि दुसरा घर सजविण्याचा. फराळाविषयी आम्ही काय सांगावे? तो माताभगिनींचा अधिकार. परंतु घर सजविण्याविषयी दोन शब्द सांगण्याचे धाडस आज करतो, कारण या बाबतीत एक मोठी चूक आमच्याच हातून घडलेली आहे.

कीर्तनकाराला स्वतःच्या घरापेक्षा परक्या घरांची ओळख अधिक. चाळीस वर्षे आम्ही घाटाखाली शेगाव-नांदुऱ्यापासून घाटावर देऊळगाव राजा-लोणारपर्यंत यजमानांच्या घरी उतरत आलो. गढीतही निजलो आणि पत्र्याच्या खोलीतही निजलो. श्रीमंतांच्या दिवाणखान्यांपैकी फारच थोडे आज आठवतात. परंतु एखाद्या ओसरीवरची झिजलेली पायरी, देवळीतला मिणमिणता दिवा, भिंतीवरच्या खुंटीला टांगलेली टाळांची जोडी आठवते. आणि त्याबरोबर त्या घरची माणसेही आठवतात. असे का व्हावे, याचा विचार करता करता आम्ही संस्कृतातील एका छोट्याशा शब्दापाशी येऊन थांबलो.

तो शब्द ‘अलम्’

अलंकार हा शब्द आपण रोज वापरतो. त्याची फोड अलम् अधिक कार अशी आहे. अलम् या अव्ययाचे अर्थ अनेक. समर्थ असा एक, भूषण असा एक. भगवान पाणिनींनी भूषण या अर्थाच्या अलम् ची व्याकरणात वेगळी नोंद घेतली आहे. परंतु संस्कृत वाङ्मय वाचणाऱ्याला सर्वांत जास्त भेटतो तो त्याचा ‘पुरे’ हा अर्थ. शोक पुरे, श्रम पुरे, अशा ठिकाणी अलम् येते. एकाच शब्दात ‘शोभा’ आणि ‘पुरे’ हे दोन अर्थ नांदावेत, हे आम्हाला मोठे सूचक वाटते. ज्यात जे उणे आहे तेवढे भरून काढणे आणि मग हात आवरणे, हा अलंकार. त्यापलीकडे जे केले जाते तो केवळ भार होय.

अकराव्या शतकात काश्मीरमध्ये क्षेमेंद्र नावाचा विद्वान होऊन गेला. त्याने ‘औचित्यविचारचर्चा’ या ग्रंथात हेच तत्त्व काव्याला लावले. गळ्यात मेखला आणि कमरेला हार घालणारा मनुष्य हास्यास्पदच होईल, अशा आशयाचा त्याचा दाखला आहे. मेखला उत्तम सोन्याची असेल, हारही पाणीदार मोत्यांचा असेल. पण जागा चुकली की भूषणाचे दूषण होते. जे काव्याला आणि देहाला, तेच घराला.

चोराने ओळखलेले घर

कीर्तनाच्या पूर्वरंगात आम्ही शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तील एक दृष्टांत पुष्कळदा देतो. उज्जयिनीतील चारुदत्त हा एकेकाळचा धनिक; दानधर्मात सारी संपत्ती संपवून बसलेला. त्याच्या घरात शर्विलक नावाचा चोर भिंत फोडून शिरतो. हा चोर ब्राह्मण आणि आपल्या विद्येत मोठा पंडित! भिंत पक्क्या विटांची असेल तर कशी फोडावी, कच्च्या विटांची वा मातीची असेल तर कशी, याचे शास्त्र त्याला मुखोद्गत. सूर्याला रोज अर्घ्य देताना पडणाऱ्या पाण्याने ओलावून क्षाराने पोखरलेली जागा तो हाताने चाचपून काढतो. आणि विटांच्या भिंतीला पूर्णकुंभाच्या आकाराचे भोक शोभते म्हणून तेच पाडतो. चोरी करतानाही औचित्य सोडत नाही!

आत येऊन पाहतो तो काय? मृदंग, पणव, वीणा, बासऱ्या आणि पोथ्या. दुसरे काही नाही. हे नाट्याचार्याचे घर की काय, असे त्याला वाटते. धनिकाचा वाडा म्हणून आलेला चोर हळहळतो. परंतु श्रोतेहो, अंधारात, क्षणभरात, एका अनोळखी चोराला कळले की या घरात राहणारा मनुष्य कलेचा आणि विद्येचा भोक्ता आहे. दारावर पाटी नव्हती. घरच बोलले.

उलट बाजूला वसंतसेनेचा प्रासाद. आठ चौकांचा, रत्नांनी मढविलेला. चारुदत्ताचा मित्र मैत्रेय तो पाहून थक्क होतो आणि हे कुबेराचे घर की काय, असे म्हणतो. तरीही ही वसंतसेना ते आठ चौक मागे टाकून, मेघगर्जना आणि मुसळधार पावसाची पर्वा न करता चारुदत्ताच्या पडक्या घराकडे चालत येते. शूद्रकाने याचा उपदेश केलेला नाही, फक्त दाखवून दिले आहे.

तेव्हापासून आम्ही घराची एक परीक्षा ठरविली आहे. तिला आम्ही शर्विलकाची परीक्षा म्हणतो. रात्री आपल्या घरात कोणी अनोळखी मनुष्य आला, तर हे घर कोणाचे, एवढे त्याला ओळखता येईल काय? शिक्षकाचे की शेतकऱ्याचे, वारकऱ्याचे की वैद्याचे? की बाजारातल्या त्याच त्या वस्तूंनी भरलेले कोणाचेही?

देऊळ वेगळे, घर वेगळे

येथे कोणी विचारील, की मग आपल्या पूर्वजांनी मंदिरे एवढी का सजविली? लोणारच्या दैत्यसूदन मंदिराच्या बाह्य भिंतीवर बोट ठेवायला मोकळी जागा सापडत नाही आणि आतल्या छतावरही पुराणकथा कोरलेल्या आहेत. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातील ‘चित्रसूत्र’ या प्रकरणात आहे. चित्रांत नऊही रसांना स्थान आहे. परंतु राहत्या घरात शृंगार, हास्य आणि शांत एवढेच रस चितारावेत, बाकीचे देवालयात आणि राजसभेत शोभतात, असे तेथे सांगितले आहे. देवळात मनुष्य घटकाभर येतो. त्याला दिपवावे, हादरवावे, विश्वरूपाचा भास द्यावा, हे देवळाचे काम. घरात मनुष्य जन्मभर राहतो. तेथे डोळ्यांना विसावा पाहिजे.

आणि देवळातही गाभारा पाहा. आमच्या मेहकरचा शार्ङ्गधर बालाजी १८८८ साली भूमीतून प्रकट झाला. काळ्या पाषाणाची ती भव्य मूर्ती. वस्त्रे उतरवून अभिषेक चालतो तेव्हा ओल्या पाषाणाची जी झळाळी दिसते, तिच्यावर कोणता रंग चढविणार? शेगावी श्रीगजानन महाराजांनी ८ सप्टेंबर १९१० रोजी समाधी घेतली. त्या स्थानी जाऊन आलेला भाविक घरी परतल्यावर प्रथम कशाचे कौतुक करतो? तेथील स्वच्छतेचे आणि शिस्तीचे. सिंदखेड राजाला १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊसाहेबांचा जन्म झाला. लखुजीराव जाधवांच्या त्या राजवाड्यात आज गालिचे नाहीत, झुंबरे नाहीत. दगड आणि विटा उरल्या आहेत. तरी तेथे पाऊल ठेवताच माणसाचा आवाज आपोआप खाली येतो.

पांढरी आणि काळी

आमच्या वऱ्हाडात गावाला ‘पांढरी’ आणि शेताला ‘काळी’ म्हणण्याची जुनी रीत आहे. काळी पिकवते, पांढरी राहायला जागा देते. गावठाणाच्या त्या पांढऱ्या मातीच्याच हात-दीड हात रुंदीच्या भिंती, वर सागाच्या तुळया, त्यांवर किलचांची बैठक आणि पुन्हा मातीचा थर देऊन केलेले धाबे, हे इथले जुने घर. घाटावर दगड मुबलक, म्हणून आमच्याकडे जोते काळ्या दगडाचे. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात काळी माती खोलवर आणि दगड दूर, म्हणून तिकडे मातीचा जोर अधिक. वैशाखात बाहेर अंग भाजत असता ही घरे आत थंड राहतात, कारण जाड भिंतीतून दुपारची उष्णता आत पोहोचेपर्यंत रात्र होते.

अशा घराला सजावट वेगळी लागत नसे, कारण ती बांधतानाच केलेली असे. दिव्यासाठी भिंतीत देवळी, पोथीसाठी कोनाडा, पागोट्यासाठी खुंटी. खुंटीला संस्कृतात नागदंत हा किती देखणा शब्द आहे! रसिक नागरिकाची वीणा त्या नागदंतावर टांगलेली असावी, असे वात्स्यायनांनी वर्णिले आहे. दिवाळी आली की भिंती पांढऱ्या मातीने पोताराव्या, खालून हातभर गेरूचा पट्टा ओढावा, उंबरठ्याशी रांगोळी, दारावर झेंडू आणि आंब्याचे डहाळे. खरिपाच्या ज्वारीची कणसे आढ्याला टांगली जात; घरही सजे आणि चिमण्यांचेही पोट भरे. आता शिवारात सोयाबीन वाढले आणि ज्वारी कमी झाली, म्हणून ती कणसेही दिसेनाशी झाली.

आमची चूक

आता कबुलीजबाब. २००५ साली आमच्या थोरल्या कन्येचे लग्न ठरले. वरपक्ष मोठ्या शहरातला. मातीच्या भिंती पाहून ते काय म्हणतील, या संकोचाने आम्ही माजघराच्या भिंतींना खालून कमरेएवढा सिमेंटचा गिलावा करवून घेतला आणि वर पिस्ता रंगाचा तैलरंग दिला. भिंत आरशासारखी चकाकू लागली. त्या भिंतीत एक देवळी होती. आमच्या आजीच्या काळापासून तीत सांजवात लागत असे. तिच्या कमानीला काजळीचा मऊ काळा थर चढलेला होता. मातोश्री एवढेच म्हणाल्या, “बाकी काय करायचं ते कर. देवळीतली काजळी राहू दे.” आम्ही हसलो. संस्कृतच्या पंडिताला काजळी ठेवण्यात शोभा दिसली नाही. देवळीही पिस्ता रंगाची झाली.

पुढच्या वर्षी श्रावणात पावसाने आठ-दहा दिवस उसंत दिली नाही. भिंतीला फुगवटा आला आहे, हे आमच्या कुटुंबाने आम्हाला दाखविले होते. पाऊस उघडल्यावर पाहू, असे आम्ही म्हटले. एके रात्री मातोश्री पाणी प्यायला उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि मागे धडाका झाला. देवळीसकट भिंतीचा अर्धा भाग त्यांच्या अंथरुणावर येऊन पडला होता. अंथरूण रिकामे होते, ही भगवंताची कृपा. दुसरे काय म्हणावे?

दुसऱ्या दिवशी गावातले एक वृद्ध गवंडी आले. त्यांनी ढिगाऱ्यातला एक डिखळा उचलून मुठीत दाबला. त्यातून ओल सुटली. रंगाचा पापुद्रा मात्र अखंड, चामड्यासारखा हातात आला. ते म्हणाले, “महाराज, मातीची भिंत श्वास घेते. तुम्ही तिचं नाकतोंड बांधून टाकलं.” जमिनीतून ओल भिंतीत चढतेच, तिला दोन्ही अंगांनी सुकायला वाट मिळाली की भिंत शंभर वर्षे उभी राहते. आम्ही ती वाट सिमेंटने आणि तैलरंगाने बंद केली. ओल आत कोंडली, मातीचा दम गेला. शर्विलकाने चाचपून शोधली असती तशी भिंत आम्ही स्वतःच्या हाताने, पैसे मोजून तयार केली होती. रंगाऱ्याचा यात काही दोष नव्हता. मातीवर हा रंग टिकायचा नाही, असे त्याने एकदा म्हटलेही होते.

मग पांढरी माती, गव्हाचे भूस आणि शेण यांचा गारा कित्येक दिवस तुडवून मुरविला गेला. भिंत पुन्हा चढली, उरलेल्या भिंतींचा रंग खरवडला गेला आणि सर्वत्र चुना लागला. नवी देवळीही त्याच जागी घडविली. त्या दिवाळीला मातोश्रींनी तीत पणती ठेवली, कोऱ्या कमानीकडे पाहिले आणि म्हणाल्या, “आता काजळी धरायला वीस वर्षं लागतील.” रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर आम्हाला बरे वाटले असते. २०११ साली त्या वैकुंठवासी झाल्या.

हातात घेण्याजोगे काही

हे सांगून, सर्वांनी मातीच्या घरात राहावे, असा उपदेश आम्ही करणार नाही. सारवणाचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा स्वतः गुडघे टेकून दोन खण सारवून पाहावेत. आमच्या कुटुंबाने ते काम पंधरा वर्षे केले आणि मग शहाबादी फरशी मागून घेतली. आम्ही ती आनंदाने बसविली. घराची शोभा घरच्या बाईच्या गुडघ्यांवर उभी राहू नये.

परंतु घर मातीचे असो, विटांचे असो वा चौथ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे असो, तीन गोष्टी कोठेही करता येतात. पहिली, आणण्यापूर्वी काढावे. दिवाळीची सजावट वस्तू विकत आणण्याने सुरू होते, हा हल्लीचा समज आहे. खरे तर ती अडगळ बाहेर नेण्याने सुरू होते. झाकलेली खिडकी मोकळी करावी, चांगल्या लाकडी दारावरचे चकचकीत कागद काढून त्याला तेलाचा हात द्यावा.

दुसरी, घराला काय सोसते ते विचारून करावे. माती आणि जुन्या चुन्याच्या भिंती असतील, तर त्यांना चुनाच द्यावा. कळीचा चुना भरपूर पाण्यात विरवावा. तो उकळ्या मारतो, म्हणून मुलांना दूर ठेवावे आणि डोळे जपावेत. रात्रभर मुरू द्यावा, फडक्याने गाळावा, धरून राहण्यासाठी थोडा डिंक आणि पांढरेपणासाठी चिमूटभर नीळ घालावी. दाट एक हात देण्यापेक्षा पातळ दोन-तीन हात द्यावेत. ओला असताना चुना मळकट दिसतो; सुकला की आपोआप उजळतो. घाई करणाऱ्याला तो आवडत नाही.

तिसरी, उजेडाची जागा ओळखावी. पणती ही अंधाराच्या सोबतीने शोभते. लुकलुकणाऱ्या विजेच्या माळांनी सारे घर मढविले, तर उंबरठ्यावरची पणती दिसणार कशी? चार ठिकाणी दिवे लावावेत आणि चार ठिकाणी अंधार राहू द्यावा. कामट्यांचा आणि पतंगी कागदाचा आकाशकंदील मुलांकडून करवून घ्यावा. तो वाकडा झाला तरी तोच टांगावा. आजोबांचा चष्मा, आजीचे जाते, वडिलांची एकतारी माळ्यावर गुंडाळून ठेवू नये. आमच्या ओसरीत आजही खुंटीला वडिलांची वीणा आणि खाली चिपळ्या आहेत. शर्विलक आला तर त्याला निराशा पदरी पडेल, पण घर ओळखण्यात चूक होणार नाही.

देवळीची गोष्ट अजून संपलेली नाही. दरवर्षी चुना देताना आमचे कुटुंब देवळीच्या कमानीला फडके लावून ती जागा सोडते. रोजच्या सांजवातीने तिचा माथा प्रथम पिवळसर झाला, मग करडा. यंदा पाहिले तो चांगला काळा झाला आहे. मातोश्रींनी सांगितलेली मुदतही जवळजवळ भरत आली.

आमचे चिरंजीव पुण्याला असतात. हे घर पाडून स्लॅबचे बांधावे, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे मुद्दे खोटे नाहीत. दर मृगापूर्वी धाब्यावर माती टाकायला माणूस मिळत नाही, पावसाळ्यात विंचू निघतात आणि आमचे वय वाढते आहे. एकदा भिंत पडलेली त्यांनीही पाहिली आहे. आम्ही त्यांच्याशी वाद घातला नाही. वाद घालण्याचा अधिकार आम्ही २००५ सालीच थोडाबहुत गमावला आहे. एवढेच सांगितले, की यंदा वसुबारसेच्या दोन दिवस आधी या आणि माजघराला चुना तुमच्या हाताने द्या. देवळी कशी सोडायची, ते आई दाखवील. मग जे ठरवायचे ते ठरवा. ते येतो म्हणाले आहेत. चुना कालच भिजत घातला.

वाचकहो, आपल्याही घरी लक्ष्मी येवो, आणि आल्यावर हे घर कोणाचे ते तिला ओळखता येवो. दीपावली सर्वांना शुभदायी होवो.